‘न्यायप्रविष्ट’ नेमके काय? सीमाभागातील लेखी प्रश्नांची पार्श्वभूमी

१९ डिसेंबर २०२२ रोजी दोन अधिवेशने एकाच दिवशी सुरू झाली, एक नागपुरात आणि दुसरे बेळगावात. कर्नाटकाच्या विधिमंडळाने २२ तारखेला सीमाप्रश्नावर ठराव केला, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २७ तारखेला त्याच्या नेमका उलट. ठरावांच्या बातम्या पहिल्या पानावर आल्या. त्याच दिवसांत दोन्ही सभागृहांच्या पटलावर लेखी उत्तरांचे गठ्ठे ठेवले गेले, त्यांची दखल फार थोड्यांनी घेतली. ठराव ही सभागृहाची इच्छा असते, तो अमलात येईलच असे नाही. उत्तरपत्रिकेवर मात्र मंत्र्याचे नाव, तारीख आणि खाली फाइल नंबर असतो. सहा महिन्यांनी तोच कागद पुढे करून ‘याचे पुढे काय झाले’ असे विचारता येते. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या दैनंदिन अडचणींसाठी हा कागद ठरावापेक्षा जास्त उपयोगाचा आहे, आणि तो मिळवण्याची रीत मात्र गावोगाव फारशी माहीत नाही.

‘लेखी प्रश्न’ हा शब्द आधी सोडवून घ्यावा लागतो. प्रश्न सगळेच लेखी द्यायचे असतात. फरक असतो तो उत्तरात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर छापून पटलावर ठेवले जाते, त्यावर उपप्रश्न नाही. कर्नाटकात ताऱ्याला ‘चुक्के’ म्हणतात. ‘चुक्के गुरुतिन प्रश्ने’ म्हणजे तारांकित, ‘चुक्के गुरुतिल्लद प्रश्ने’ म्हणजे अतारांकित. खानापूर किंवा निपाणीच्या तहसीलदार कार्यालयात चौकशी केली तर यातला एकही शब्द कानावर येणार नाही. तिथे सगळे ‘एलएक्यू’ म्हणतात, म्हणजे विधानसभेतला प्रश्न (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन); प्रश्न विधान परिषदेचा असेल तर ‘एलसीक्यू’. ‘एलएक्यू आलाय’ असे कारकून म्हणाला की समजावे, बेंगळुरूहून माहिती मागवली गेली आहे आणि ती एक-दोन दिवसांत पाठवायची आहे.

प्रश्नाचा प्रवास असा होतो. आमदाराची सूचना विधिमंडळ सचिवालयात जाते, नियमांत बसते का ते तपासले जाते, अध्यक्षांनी स्वीकारली की खात्याच्या सचिवांकडे जाते. तिथून आयुक्त, मग जिल्हाधिकारी किंवा खात्याचा जिल्हा अधिकारी, मग तालुका, आणि शाळेचा विषय असेल तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिस, पंचायतीचा असेल तर पीडीओ (पंचायत विकास अधिकारी). आकडे याच वाटेने उलटे वर चढतात. घोटाळा होतो तो बहुतेक वेळा खालच्या दोन पायऱ्यांवर, आणि त्यामागे नेहमी वाईट हेतू असतोच असे नाही. वेळ कमी असतो, म्हणून मागच्या वर्षीचा तक्ता तारीख बदलून वर जातो. बेळगाव जिल्ह्यात शिक्षण खात्याचे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, बेळगाव आणि चिक्कोडी. नुसते ‘बेळगाव जिल्ह्यातील मराठी शाळा’ असे विचारले तर निपाणी आणि चिक्कोडीकडची सगळी संख्या उत्तरातून गळू शकते. बेळगाव तालुका महसुलात एकच असला तरी शिक्षण खात्यात शहर आणि ग्रामीण असे दोन गट आहेत. निपाणी, कागवाड, कित्तूर हे तालुके नव्याने झाल्यावर जुन्या चिक्कोडी, अथणी, बैलहोंगल तालुक्यांचे आकडे एकदम उतरलेले दिसतात. तुलना करायची असेल तर प्रश्नात तालुक्यांऐवजी गावांची किंवा शाळांची यादी जोडून मागावी. नावाचाही गुंता आहे. इंग्रजी कागदांत १ नोव्हेंबर २०१४ पर्यंत ‘बेलगाम’ आणि पुढे ‘बेळगावी’ आहे. जुनी उत्तरे शोधताना दोन्ही नावांनी शोधावे लागते.

उत्तरपत्रिकेची मांडणी ठरलेली असते. एका रकान्यात प्रश्नाचे भाग अ, आ, इ, ई असे, समोरच्या रकान्यात उत्तर. पहिला भाग बहुधा ‘सर्कारद गमनक्के बंदिदेये?’ असा असतो, म्हणजे ही बाब सरकारच्या लक्षात आली आहे का. महाराष्ट्रात त्याच जागी ‘हे खरे आहे काय’ असते, पुढे ‘असल्यास’, ‘नसल्यास’ आणि शेवटी ‘विलंबाची कारणे काय आहेत’. दोन्हीकडे खड्डा एकच आहे. पहिल्या भागाला ‘नाही’ असे उत्तर आले की पुढच्या सगळ्या भागांसमोर ‘उद्भविसुवुदिल्ल’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच छापून येते. चार भागांचा प्रश्न एका शब्दात संपतो. म्हणून जाणकार आमदारांचे स्वीय सहायक प्रत्येक भाग स्वतंत्र उभा राहील असा लिहितात. ‘मराठी शाळांत शिक्षक कमी आहेत हे सरकारच्या लक्षात आले आहे का’ असे न विचारता, ‘सोबतच्या यादीतील प्रत्येक मराठी माध्यमाच्या शाळेत मंजूर पदे किती, कार्यरत किती, रिक्त किती, त्यांपैकी अतिथी शिक्षक किती, कार्यरत शिक्षकांपैकी मराठीतून शिकवणारे किती’ असे विचारतात. शेवटचा तुकडा अत्यंत महत्त्वाचा. भरलेल्या पदांत कन्नड विषयाचे शिक्षकही मोजले जातात, त्यामुळे कागदावर पूर्ण भरलेली शाळा वर्गात रिकामी असू शकते. माध्यमवार फोड मागितल्याशिवाय ती मिळत नाही.

आणखी तीन ठरीव उत्तरे ओळखून ठेवावीत. ‘अनुबंधदल्लि ओदगिसिदे’ म्हणजे तपशील परिशिष्टात दिला आहे. परिशिष्ट वेगळे असते, ते मागून घेतल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही. ‘परिशीलनेयल्लिदे’ म्हणजे विचाराधीन, यातून मुदत कळत नाही, म्हणून प्रश्नातच ‘कोणत्या तारखेपर्यंत’ हा भाग हवा. ‘माहितियन्नु संग्रहिसलागुत्तिदे’, माहिती गोळा केली जात आहे, हे उत्तर वाचून लोक निराश होतात. वास्तविक हे आश्वासन असते. लोकसभेत सरकारी आश्वासनांवर नजर ठेवणारी समिती १९५३ पासून आहे आणि असे आश्वासन तीन महिन्यांत पुरे करायचे असते. राज्यांच्या विधिमंडळांतही अशा समित्या आहेत. कर्नाटकात तिला ‘भरवसेगळ समिती’ म्हणतात. त्या समितीकडे आमदारामार्फत पाठपुरावा करता येतो. हे फार थोडे लोक करतात.

आता ‘न्यायप्रविष्ट’, म्हणजे न्यायालयात प्रलंबित, हा शब्द, ज्याच्यापाशी सीमाभागातले प्रश्न अडतात.

न्यायालयापुढे असलेल्या बाबीवर सभागृहात प्रश्न विचारू नये, हा नियम लोकसभेत आहे आणि राज्यांच्या विधिमंडळांतही पाळला जातो. कारण रास्त आहे: मंत्र्याच्या उत्तराने खटल्यावर परिणाम होऊ नये. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम १३१ खाली दावा दाखल केला आणि तेव्हापासून सीमाप्रश्न ‘न्यायप्रविष्ट’ झाला. दाव्याचा गाभा १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या संबंधित तरतुदी आणि त्यानुसार कर्नाटकात गेलेली गावे कोणाची, हा आहे. खानापूर तालुक्यातल्या शाळेत शिक्षक किती, पंचायतीची नोटीस कोणत्या भाषेत लावायची, उताऱ्यावरचे नाव मराठीत वाचता येईल का, यातले काहीही दाव्यात नाही. गाव कोणत्या राज्यात असावे हा न्यायालयाचा विषय. गाव आज ज्या राज्यात आहे, तिथे भाषिक अल्पसंख्याकांना काय मिळते हा त्या राज्याच्या मंत्र्यांचा विषय. दोन्ही एका पोत्यात बांधले की मंत्र्याची सुटका होते आणि गावाला उत्तर मिळत नाही.

ही गल्लत प्रश्नाच्या भाषेतूनही होते. सूचनेत ‘सीमाभागातील मराठी जनतेवर होणारा अन्याय’ असे शब्द आले की प्रश्न दोन कारणांनी बाद होऊ शकतो. एक, प्रश्नात आरोप, अनुमान किंवा युक्तिवाद चालत नाही. दोन, ‘सीमाभाग’ म्हणताच तो दाव्याला चिकटतो. शिवाय या शब्दाचा अर्थच दोन राज्यांत वेगळा आहे. महाराष्ट्रात सीमाभाग म्हणजे मागणीतली ८६५ गावे. कर्नाटकात ‘गडिभाग’ म्हणजे सर्व शेजारी राज्यांना लागून असलेले तालुके, ज्यात कोलारकडचे तेलुगू आणि कासरगोडच्या सीमेवरचे भागही येतात. गडिभागासाठी किती निधी दिला असे विचारले तर उत्तरात बेळगाव असेलच, पण मराठी गावांचे चित्र त्यातून उमटणार नाही. म्हणून ‘सीमाभाग’ हा शब्द टाळून ‘खानापूर, बेळगाव आणि निपाणी तालुक्यांतील’ असे लिहावे. शब्द सोडणे म्हणजे मागणी सोडणे नव्हे, हे आपल्याच माणसांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागते.

१४ डिसेंबर २०२२ रोजी दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कोणत्याही राज्याने दुसऱ्यावर दावा सांगू नये, आणि दोन्हीकडचे तीन-तीन असे सहा मंत्री बसून बाकीचे प्रश्न सोडवतील, असे ठरले. या निर्णयाबद्दल मतभेद आहेत. काहींना त्यात शांततेची हमी दिसली. सीमाभागात अनेकांना वाटले की ‘न्यायप्रविष्ट’ या शब्दाला आता राजकीय शिक्कामोर्तबही झाले. त्यानंतर पंधरवड्याच्या आत दोन्ही विधिमंडळांनी ठराव केले तेव्हा दावा न्यायालयात तसाच प्रलंबित होता. ठरावाला जो अडसर आला नाही, तो शिक्षकांच्या आकड्यांना येण्याचे कारण नाही. सहा मंत्र्यांच्या समितीने तर विचारायला एक मोकळी वाट करून दिली: समितीच्या बैठका किती झाल्या, कोणत्या तारखांना, कोणते विषय आले आणि त्यांवर काय ठरले. यातला एकही भाग न्यायप्रविष्ट नाही, आणि हा प्रश्न दोन्ही राज्यांत विचारता येतो.

महाराष्ट्राच्या विधिमंडळात सीमाभागाविषयी विचारताना दुसरा नियम आडवा येतो. प्रश्न त्या मंत्र्याच्या जबाबदारीचा हवा. खानापुरातल्या रस्त्याबद्दल मुंबईतल्या मंत्र्याला विचारता येत नाही. त्यामुळे तिथले प्रश्न दाव्याची तयारी, वकिलांच्या नेमणुका, समन्वयक मंत्र्यांच्या बैठका यांवर फिरत राहिले. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली आरोग्य विमा योजना ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकाने तिला आक्षेप घेतला, पण त्यानंतर प्रश्नाला ठोस आधार मिळाला. खर्च महाराष्ट्राचा, म्हणून हिशेबही महाराष्ट्राच्या मंत्र्यानेच द्यायचा. संसदेत विचारले तर केंद्राचे ठरीव उत्तर येते की असे वाद संबंधित राज्यांच्या संमतीनेच सुटू शकतात आणि केंद्र फक्त साहाय्य करते.

कर्नाटकातल्या प्रश्नांना खरा घटनात्मक आधार १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीत आहे. कलम ३५०अ मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयीबद्दल आहे, ३५०ब भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याबद्दल. या अधिकाऱ्याचे एक विभागीय कार्यालय बेळगावातच होते. त्याच काळात ठरलेल्या संरक्षण योजनेत, ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात अल्पसंख्याक भाषा बोलणारे किमान १५ टक्के असतील, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात असे आहे. म्हणून प्रश्न असा करता येतो: २०११ च्या जनगणनेनुसार कोणत्या तालुक्यांत मराठी भाषक १५ टक्क्यांहून अधिक आहेत, आणि त्या तालुक्यांत गेल्या तीन वर्षांत कोणती परिपत्रके मराठीत काढली. यात सीमा नाही, दावा नाही, आरोप नाही. नाकारायला जागा कमी राहते.

या सगळ्याचा उगम फार मागे आहे. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातल्या सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली, उपप्रश्नाची नाही. १९०९ नंतर मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला आणि १९१९ च्या सुधारणांनंतर इतर सदस्यांनाही. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते आणि दक्षिण विभागाच्या आयुक्तांचे ठाणे बेळगावातच होते. १ नोव्हेंबर १९५६ ला प्रश्न विचारण्याचे सभागृह मुंबईऐवजी बेंगळुरूला गेले. बेळगावहून दोन्ही शहरे साधारण ५०० किलोमीटरवर, पण कागदाची भाषा बदलली. कलम २१० प्रमाणे अध्यक्षांच्या परवानगीने सदस्य मातृभाषेत बोलू शकतो; प्रश्नाची सूचना आणि तिचे उत्तर यांना त्या सवलतीचा उपयोग होत नाही. बेळगावात सुवर्ण विधानसौध ही विधिमंडळाची इमारत २०१२ मध्ये उभी राहिली आणि हिवाळी अधिवेशन दारात आले, उत्तरे मात्र कन्नडमध्येच येतात.

आज अडचण विचारणाऱ्याची आहे. २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत सीमाप्रश्नावर लढणाऱ्या मराठी संघटनेचा एकही उमेदवार निवडून आला नाही. जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा आहेत, म्हणजे प्रश्न द्यायचा तो राष्ट्रीय पक्षाच्या आमदाराला किंवा विधान परिषदेच्या सदस्याला. त्यांना भावनेचे निवेदन देऊन काही होत नाही. कन्नडमध्ये टाइप केलेला, अ ते ई भाग पाडलेला, शाळांची यादी जोडलेला तयार मसुदा दिला तर तो पुढे जाण्याची शक्यता वाढते. आधी १० रुपये भरून माहिती अधिकारात शाळावार आकडे काढावेत, मग तेच आकडे हाती ठेवून प्रश्न द्यावा, म्हणजे उत्तर चुकले तर लगेच कळते. बेळगावचे अधिवेशन साधारण दोन आठवड्यांचे असते आणि सूचना त्याआधीच द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर आमदाराच्या दारात उभे राहिले तर उशीर झालेला असतो. खासदाराकडे जायचे असेल तर खानापूरकरांनी लक्षात ठेवावे की त्यांचा तालुका बेळगाव लोकसभा मतदारसंघात नाही, उत्तर कन्नडमध्ये आहे. त्यांचा प्रश्न तिकडच्या खासदारामार्फत जातो, आणि लोकसभेत सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते.