मोजलेले मणके आणि मापलेला डोळा

मासे एकाच जातीचे, पण दोन वेगळ्या समूहांतले आहेत का, हे शरीरावरून ठरवायचे तर दोन प्रकारची लक्षणे हाताशी असतात. एक संख्येची, म्हणजे मेरिस्टिक: मणके किती, परांत (पोहण्याच्या पंखांत) कडक काटे आणि लवचीक किरण किती, पार्श्वरेषेवर, म्हणजे अंगाच्या कडेने जाणाऱ्या रेषेवर, खवले किती. दुसरी मापांची, म्हणजे मॉर्फोमेट्रिक: डोक्याची लांबी, डोळ्याचा व्यास, अंगाची उंची. व्याख्या सगळ्यांना पाठ असतात. तरीही अहवाल उघडावा तर दोन्ही एकाच कोष्टकात कोंबलेली, सरसकट एकच चाचणी लावलेली आणि खाली शिक्का मारलेला: समूह भिन्न.

संख्येचे प्रकरण बहुतेकांना नीट ठाऊक असते. मणक्यांची संख्या मासा अंड्यात असतानाच ठरते आणि मग जन्मभर तीच राहते, त्यामुळे लहान-मोठे मासे बिनदिक्कत शेजारी ठेवता येतात. युरोपीय ईलला साधारण 110 ते 119 मणके, अमेरिकन ईलला 103 ते 111. या दोन जाती एरवी एकीला झाकावे आणि दुसरीला काढावे अशा. एकाच जातीच्या समूहांत मात्र इतके घसघशीत अंतर मिळत नाही, सरासरीतल्या अर्ध्या-पाऊण मणक्यावर भागवावे लागते. आणि संख्या जन्मभर टिकते म्हणून ती सर्वस्वी आनुवंशिक, असे समजू नये. अंडी वाढताना पाणी किती गार होते यावर ती हलते; गार पाण्यातल्या माशांना बहुधा मणके जास्त. एक अपवाद तेवढा ध्यानात असू द्यावा: हेरिंगच्या कुळात कल्ल्यांच्या कमानीवरचे काटे मासा वाढतो तसे वाढत जातात. मोजता येतात म्हणून ते मणक्यांच्या पंगतीत बसत नाहीत.

खरी फसगत मापांत होते. माप माशाच्या आकारमानाबरोबर बदलते, एवढे सगळ्यांना कळते. मग उपाय म्हणून प्रत्येक माप एकूण लांबीने भागायचे, टक्केवारी काढायची आणि आकारमानाचा प्रश्न मिटला म्हणून मोकळे व्हायचे. तो मिटलेला नसतो. शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने वाढत नाहीत, म्हणून टक्केवारीही वयाबरोबर सरकत राहते.

समजा, 10 सेंटिमीटरच्या माशाचा डोळा 8 मिलिमीटरचा आहे, म्हणजे लांबीच्या 8 टक्के. तोच मासा 20 सेंटिमीटरचा झाला तेव्हा डोळा 13 मिलिमीटरचा झाला, म्हणजे साडेसहा टक्के. आता एका जाळ्यात पिल्ले जास्त आली आणि दुसऱ्यात थोराड मासे, तर टक्केवारी बघून कुणीही सांगेल की पहिला समूह मोठ्या डोळ्यांचा. मासे दोन्हीकडे एकाच समूहाचे! आपण वेगळे केले ते लहान आणि मोठे, बाकी काही नाही.

योग्य वाट थोडी लांबची आहे. माप आणि लांबी दोन्हींचे लॉगॅरिदम घेऊन प्रत्येक नमुन्यात वाढीची रेषा काढायची. दोन रेषा समांतर असतील तर त्यांचा सामाईक चढ घेऊन प्रत्येक मासा एका ठरावीक लांबीवर आणायचा. वरच्या उदाहरणात चढ 0.7 येतो आणि 15 सेंटिमीटरवर आणले की दोन्ही डोळे 10.6 मिलिमीटरचे निघतात. फरक गायब. रेषा समांतर नसतील तर ही दुरुस्ती लावूच नये. तिथे वाढीची तऱ्हाच वेगळी आहे आणि तीच बातमी आहे. नमुन्यांच्या लांब्या एकमेकांत मिसळतच नसतील, तर कुठलेही सूत्र वाचवत नाही. पुन्हा मासे गोळा करा.

मुख्य घटकांच्या विश्लेषणाचे, म्हणजे पुष्कळ मापांतला फरक मोजक्या अक्षांवर गोळा करण्याच्या पद्धतीचे, आलेखही तसेच. कच्च्या मापांवर ते चालवले की पहिला अक्ष जवळजवळ नेहमी आकारमानाचा असतो, आणि नेमके त्याच अक्षावर पडलेले दोन ठिपक्यांचे पुंजके लोक कौतुकाने दाखवतात. 1982 मध्ये स्ट्रॉस आणि बुकस्टीन यांनी मांडलेली ट्रस पद्धत, म्हणजे अंगावरच्या ठरावीक खुणांमध्ये अंतरांची जाळी विणणे, मला जुन्या आडव्या मापांपेक्षा केव्हाही पसंत आहे. ठेवणीतला फरक अंगावर कुठे आहे ते ती नेमके दाखवते. पण आकारमानाची दुरुस्ती तिलाही चुकलेली नाही.

बाकीच्या चुका किरकोळ, पण चिडचिड करणाऱ्या. गाबोळीने पोट भरलेल्या माद्या एका नमुन्यात आणि रिकाम्या दुसऱ्यात घेऊन अंगाच्या उंचीवर पान-पान लिहिणे. अर्धे मासे ताजे मापणे, अर्धे फॉर्मेलिनमध्ये आक्रसल्यावर. आणि लांबी शेपटीच्या टोकापर्यंत धरली की तिच्या बुडापर्यंत, ते न सांगणे. शेपटीची टोके जाळ्यात झिजतात, म्हणून मी बुडापर्यंतचीच धरतो.

संख्या आणि मापे परस्परविरोधी बोलली तर गोंधळायचे कारण नाही. मणके अंड्याच्या पाण्याविषयी बोलतात, अंगाची ठेवण नंतरच्या खाण्या-पोहण्याविषयी. एकाच ठिकाणी जन्मून वेगवेगळ्या पाण्यात वाढलेल्या माशांत मणके सारखे आणि ठेवण निराळी असणे अगदी शक्य आहे. तेव्हा दोन कोष्टके करा, वेगवेगळ्या पानांवर.