छोटा ट्यूब ॲम्प घेण्याआधी

गिटारचा ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या ट्यूबवर चालणारा ॲम्प्लिफायर, बघायला दुकानात आल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “घरात वाजवायला किती वॅटचा घेऊ?” आणि उत्तरही तेच देऊन टाकतात, “पाच वॅटचा पुरे ना? आवाज कमीच असेल.” इथेच गफलत होते. पाच वॅटचा ट्यूब ॲम्प वन रूम किचनमध्ये पूर्ण खोललात तर मांडणीवरची भांडी वाजायला लागतील आणि दुसऱ्या गाण्याआधी शेजारचे काका दारात उभे असतील. हे पत्रक छापलं ते मुख्यतः एवढं सांगायला.

वॅटचा हिशोब

वॅट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होत नाही. तो तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला “जरासा वाढला” इतकंच कळतं. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे पन्नास वॅटचा ॲम्प पाच वॅटच्या जेमतेम दुप्पट मोठा. आता हेच उलटं करून बघा. पन्नासवरून पाचवर आलात तरी आवाज निम्माच झाला, आणि स्टेजवरच्या आवाजाचा निम्मा म्हणजे चाळीत चिक्कार.

गिटारचे स्पीकर मुळात फार जोरदार असतात. बऱ्याच स्पीकरच्या माहितीत ९७ किंवा १०० डेसिबल असा आकडा दिलेला असतो. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर मिळणारा तो आवाज. ९७ वाल्याला पाच वॅट द्या, झाले १०४ च्या आसपास. सरकारी नियमात निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती बाहेरच्या हवेतली, तुमच्या खोलीतली नव्हे, हे कबूल. पण आपल्याकडच्या भिंती आणि कायम उघड्या खिडक्या बघता मधलं अंतर फारसं उरत नाही.

मग छोटा ॲम्प कशासाठी घ्यायचा? कारण ट्यूबची खरी मजा व्हॉल्यूम बऱ्यापैकी वर गेल्यावर सुरू होते. तेव्हा पॉवर ट्यूब, म्हणजे स्पीकरला जोर पुरवणारी ट्यूब, दमायला लागते. तार हळू छेडली तर आवाज स्वच्छ, जोरात मारली तर कडा फाटलेला, आणि दोन्हींच्या मधलं सगळं तुमच्या बोटांत. मोठा ॲम्प घरात एकावरच ठेवावा लागतो आणि एकावर तो निव्वळ मुका वाटतो. तेव्हा विचारायचं ते हे, की तुमच्या घरात नॉब कुठपर्यंत न्यायची मुभा आहे, आणि त्या जागी हा ॲम्प कसा वाजतो.

एक ट्यूब की दोन

आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओत काचेच्या ज्या बाटल्या लाल व्हायच्या, त्याच जातीच्या या ट्यूब. ईएल८४ तर मुळात रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयरमधलीच, पुढे गिटारवाल्यांनी उचलली. छोट्या कॉम्बोत (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) पॉवरसाठी बहुधा ईएल८४ नाहीतर ६व्ही६ असते आणि पुढच्या टप्प्यात, जिथे गिटारचा सिग्नल आधी वाढवतात, तिथे छोटी १२एएक्स७.

आमच्या कानाला ६व्ही६ गोलसर आणि मऊ वाटते, ईएल८४ जरा चिरकी. कॉर्ड घेतली की वरचे सूर चमकतात. पण नुसत्या ट्यूबच्या नावावर ॲम्प निवडू नका. सर्किट आणि स्पीकर यांचा वाटा तितकाच मोठा असतो.

चार-पाच वॅटच्या ॲम्पमध्ये बहुतेकदा एकच पॉवर ट्यूब असते. फेंडरचा जुना चॅम्प घ्या: एक ६व्ही६, आठ इंची स्पीकर, आणि समोर व्हॉल्यूमशिवाय फिरवायला काही नाही. असे ॲम्प थोडा हम, म्हणजे बारीक घूं आवाज, करतातच. दोन ट्यूबच्या जोडीत पॉवर सप्लायचा हम बराचसा एकमेकांत कटतो, एकीत कटायला जोडीदारच नसतो. “नवीन आहे तरी घूं करतोय” म्हणून परत आणायच्या आधी हे लक्षात असू द्या.

दोन ट्यूबवाल्यांत आमच्याकडे सर्वात जास्त विचारणा फेंडर ब्लूज ज्युनियर आणि व्हॉक्स एसी१५ या दोघांची. दोन्ही पंधरा वॅटचे, दोघांत ईएल८४ ची जोडी आणि बारा इंची स्पीकर, तरी स्वभाव पार वेगळे. एसी१५ चा वंश १९५८ पासूनचा. फेंडरचाच प्रिन्स्टन रिव्हर्ब १९६४ चा, बारा वॅट, ६व्ही६ ची जोडी, दहा इंची स्पीकर. आमचा लाडका तोच, हे लपवत नाही. त्यांचाच डीलक्स रिव्हर्ब बावीस वॅटचा. लोक तोही “छोटा” म्हणून मागतात, पण घरात तो क्लीनच राहणार, आणि तोही शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका मोठ्याने.

घरासाठी वॅट कमी करायचा खटका असलेला ॲम्प बघा. मार्शल ओरिजिन २० मध्ये वीस, तीन आणि अर्धा वॅट अशा तीन पायऱ्या आहेत. बुगेरा व्ही५ मध्ये पाच, एक आणि ०.१. अर्ध्या वॅटवर दुपारी दार लावून वाजवता येतं. रात्री अकराला नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

स्पीकरबद्दल थोडक्यात: पाच वॅटच्या ॲम्पचा आठ इंची स्पीकर काढून बाहेरचा बारा इंची कॅबिनेट (स्पीकरचं वेगळं खोकं) लावला की माणूस चाटच पडतो. तेवढी सोय असलेला ॲम्प घ्या, फक्त ॲम्पवरचा आणि कॅबिनेटवरचा ओहमचा आकडा जुळवून. आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प कधीही, पाच मिनिटंही, वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि दुरुस्तीचं बिल बघून तुम्ही आमच्यावरच चिडता.

परदेशातून आणलेला ॲम्प

मामेभाऊ अमेरिकेहून येताना ॲम्प घेऊन येतो, ही हल्ली नेहमीची गोष्ट. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट, जपानात १००, आपल्याकडे २३०. एका मुलाने असाच आणलेला ॲम्प कन्व्हर्टर प्लग लावून सरळ भिंतीत खोचला. फट् झालं, फ्यूज गेला. इथवर नशीब चांगलं होतं, फ्यूज असतोच त्यासाठी. पण बिल्डिंगमधल्या कोणा हुशार माणसाने त्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून परत बसवला. ॲम्प आमच्याकडे आला तेव्हा मेन ट्रान्सफॉर्मरचं वार्निश वितळून चासीवर, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर, ओघळलं होतं. तो वास दुकानातून तीन दिवस हलला नाही.

मागची पट्टी वाचा. १२० असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तो ॲम्प विजेतून जितके वॅट ओढतो त्याहून बऱ्यापैकी मोठा. पंधरा वॅटचा ॲम्प विजेतून त्याच्या कितीतरी पट ओढतो, आउटपुटच्या आकड्यावर जाऊ नका. स्टेपडाउनने व्होल्ट बदलतात, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेची साठ हर्ट्झ, आपली पन्नास. फक्त साठवर बेतलेला ट्रान्सफॉर्मर पन्नासवर जास्त तापतो. तासाभराने हात लावून बघा, हात ठेववत नसेल तर बंद करा आणि आमच्याकडे आणा.

आणखी एक, स्वस्तातल्या स्टेपडाउनमधून अर्थिंग पुढे जातंच असं नाही. जुन्या चाळींत तर मूळ बोर्डालाच अर्थ नसतो, तिसरं भोक नुसतं शोभेला. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ॲम्प आमच्याकडे आणण्याआधी वायरमनला घरी बोलवा. हम जावा म्हणून अर्थची पिन कापून टाकण्याचा सल्ला इंटरनेटवर मिळतो. ऐकू नका. आत तीनशे-चारशे व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ तसाच बसून राहतो. याच कारणाने मागचं पॅनेल घरी उघडायचं नाही.

पावसाळा

जून ते सप्टेंबर आमच्याकडे दुरुस्तीची रांग लागते. पॉट (नॉबच्या मागचे फिरते भाग) खरखरतात, जॅक हिरवे पडतात, कव्हरच्या रेक्झिनवर बुरशी येते. समुद्राजवळ राहणाऱ्यांना खारी हवा वेगळी. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर घाला आणि आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालू ठेवा. ट्यूबच्या उष्णतेने आतला ओलावा आपोआप सुकतो. भिजत आणलेला ॲम्प आल्याआल्या चालू करू नका, आधी तुम्ही चहा घ्या, त्यालाही वाळू द्या.

घरी तो थेट लादीवरही ठेवू नका. लादीवरचा बास खालच्या मजल्यावर उतरतो. स्टुलावर जाड रबरी मॅट, वर ॲम्प, तोंड तुमच्या कानाकडे. कमी आवाजात जास्त ऐकू येतं.

जुना घेणार असाल तर

वीस मिनिटं चालू ठेवल्याशिवाय पैसे देऊ नका. थंड ॲम्प नेहमीच गोड वाजतो. खोलीतले दिवे घालवून पॉवर ट्यूबकडे बघा: मधली तार केशरी असणं ठीक, पण बाहेरचा करडा पत्रा लाल होत असेल तर निघा. पुढच्या छोट्या ट्यूबवर पेन्सिलीने टिचकी मारा, स्पीकरमधून घंटेसारखं वाजलं तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे, म्हणजे धक्का लागला की तोही आवाजात उतरतो. एवढ्यासाठी सौदा मोडू नका, ती बदलता येते, किंमत मात्र पाडून घ्या. घूं आवाज येत असेल तर आधी पंख्याचा रेग्युलेटर बंद करून बघा. सिंगल कॉइल पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणारं एकाच कॉइलचं चुंबक) गिटारला आपल्या घरांतले रेग्युलेटर आणि डिमर सारखे छळतात, दोष बिचाऱ्या ॲम्पच्या माथी.

आणि वजन. ब्लूज ज्युनियर चौदा किलोच्या आसपास, एसी१५ वीसच्या वर. लोकलने जॅमपॅडला (बँडच्या सरावाची भाड्याची खोली) नेणार असाल तर दुकानातून उचलून बाहेरच्या जिन्याच्या चार पायऱ्या चढून बघा. आम्ही हसणार नाही. बहुतेक जॅमपॅडमध्ये ॲम्प असतातच, तेव्हा तो नेणार आहात की नाही हे आधी ठरवा.

हेडफोनवरच वाजवायचं असेल, रोज रात्री बारानंतरच वेळ मिळत असेल, तर ट्यूब ॲम्प घेऊ नका. चांगला मॉडेलिंग ॲम्प घ्या, ट्यूबच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा. तो आम्ही विकत नाही, तरी हेच सांगू.

ट्रायलला स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल आणा, दुकानातल्या महागड्या गिटारवर कोणताही ॲम्प छान वाटतो. आल्यावर सांगा की घरात आवाज किती चालतो, नॉब तिथे लावून देऊ आणि मग बाहेर जाऊन बसू. दुपारी एक ते चार ट्रायल बंद: वरच्या मजल्यावरच्या आजी झोपतात, आणि अर्धा वॅटही त्यांना ऐकू जातो.