दूरस्थ रुग्णनिरीक्षण

रुग्ण घरी असताना त्याचा रक्तदाब, ऑक्सिजन, साखर, वजन ठरलेल्या वेळी मोजून डॉक्टरांकडे पोहोचवणे आणि त्यावरून उपचार बदलणे, अशी ही पद्धत. व्हिडिओवरच्या सल्ल्यात भेट तेवढ्यापुरती असते. इथे आकडे रोज येत राहतात, आणि ते कोणी तरी रोज पाहावे लागतात.

मुंबईत ती घरोघर पोहोचली कोविडच्या साथीत. २५ मार्च २०२० रोजी केंद्राची टेलिमेडिसिनची, म्हणजे दूरवरून वैद्यकीय सल्ला देण्याची, मार्गदर्शक तत्त्वे आली; पुढे महापालिकेच्या २४ विभागांत वॉर रूम, म्हणजे कोविड रुग्णांसाठीचे नियंत्रण कक्ष, सुरू झाल्या. सहा मिनिटे चालून ऑक्सिजन ९३ च्या खाली गेला किंवा ३ हून अधिक घसरला तर कळवायचे, हे तेव्हा चाळीतल्या आजींनाही पाठ होते.

डॉक्टरांचा बराच वेळ आकडा खरा की खोटा हे ठरवण्यात जातो. तीन जिने चढून आल्या आल्या बीपी घेतले, शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधला किंवा जाड दंडाला लहान पट्टा लावला, की आकडा चढाच येतो. पाच मिनिटे टेकून शांत बसावे, दंड छातीच्या पातळीवर ठेवावा, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे. सकाळ-संध्याकाळ सात दिवस, आणि पहिला दिवस सोडून सरासरी. घरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त सरासरी म्हणजे उच्च रक्तदाब. ऑक्सिमीटरला गार बोटे, नेलपेंट, मेंदी चकवतात. सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्तही दाखवू शकतो. ९५ दिसतेय पण धाप लागलीय, तर धापेचे ऐकावे.

हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णात वजन सर्वांत बोलके. सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी मोजायचे. तीन दिवसांत २ किलोहून अधिक वाढले तर कळवायचे. वजनकाटा उंचसखल शहाबादी फरशीवर ठेवला तर मात्र रोज नवेच वजन येते. साखरेचा दंडावरचा सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. म्हणून काही मिनिटे मागे राहतो, आणि त्या कुशीवर झोपले की रात्री खोटीच कमी साखर दाखवतो. मे महिन्यातल्या घामाने त्याची चिकटपट्टी मुदतीआधीच सुटते.

नुसते आकडे गोळा करून फारसे साधत नाही. हृदयरुग्णांवरच्या २०१० च्या अमेरिकी चाचणीत रुग्ण रोज स्वयंचलित फोनवर माहिती देत. त्याने पुन्हा रुग्णालयात दाखल होणे किंवा मृत्यू यांत फरक पडला नाही. २०१८ च्या जर्मन चाचणीत चोवीस तास डॉक्टर-परिचारिका बसवल्या होत्या, तिथे पडला. दोन्हींतले रुग्ण वेगळे, तरी धडा उघड आहे. सगळ्यांना एकच धोक्याची मर्यादा लावली की अलर्ट इतके वाजतात की खरा अलर्टही नजरेआड होतो. मर्यादा रुग्णागणिक ठरवावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आकडे केसपेपरवर चढत नाहीत, हे वेगळेच दुखणे.

आकडे न येणे हीही एक नोंदच. कधी सेल संपलेले असतात, कधी रुग्ण गणपतीला गावी गेलेला असतो. पुष्कळदा मशीन मुलाच्या फोनला जोडलेले असते आणि मुलगा सकाळच्या लोकलने फोन घेऊन कामावर जातो. आईचे सकाळचे बीपी डॉक्टरांना रात्री दहाला दिसते.