बौद्धिक अक्षमता आणि मोबाइल तंत्रज्ञान

बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती संवाद, दिनक्रम, प्रवास, काम आणि करमणूक यांसाठी मोबाइल फोन व टॅबलेट वापरतात, त्या वापराविषयीची ही नोंद. आकलन, तर्क यांसारख्या बौद्धिक क्षमता आणि रोजच्या जगण्याची कौशल्ये, या दोन्हींत वाढीच्या वयातच दिसू लागणाऱ्या लक्षणीय मर्यादांना बौद्धिक अक्षमता म्हणतात. नुसत्या बुद्ध्यंकावरून तिचे निदान होत नाही.

बोलता न येणाऱ्यांसाठी आवाज देणारी खास यंत्रे पूर्वीही होती, पण ती महाग असत आणि दुरूनही ओळखू येत. २००९ मध्ये 'प्रोलोक्वोटूगो' हे ॲप आले, २०१० मध्ये आयपॅड आला आणि चित्रावर बोट ठेवून शब्द उच्चारून घेण्याची सोय साध्या उपकरणात आली. चारचौघांच्या हातात असते तीच वस्तू आपल्याही हातात असणे, ही तिची मोठी जमेची बाजू.

विशेष शिक्षणात एखादे काम लहान लहान टप्पे पाडून शिकवण्याची पद्धत जुनीच आहे. फोनमुळे ते टप्पे खिशात आले. कपडे धुण्याचे यंत्र कसे लावायचे, याच्या पाच छोट्या चित्रफिती असल्या की एक पाहायची, तेवढे काम करायचे, मग पुढची. शेजारी कोणी सूचना देत उभे राहावे लागत नाही. गजर, चित्रांचे वेळापत्रक, मजकूर वाचून दाखवणारा आवाज यांचाही असाच आधार होतो. अर्थात अनेकांना फोन हवा असतो तो मित्रांशी बोलायला आणि गाणी ऐकायला. प्रशिक्षणाच्या उत्साहात हे विसरले जाते.

अडचणी बहुधा फोनच्या रचनेत असतात. ओटीपी पाहा: एका पडद्यावरचे आकडे लक्षात ठेवून दुसऱ्या पडद्यावर, तेही मिनिटे संपायच्या आत, भरायचे. चिन्हांच्या जागा पाठ करून फोन शिकलेल्या माणसाला एका अपडेटनंतर सगळे पुन्हा शिकावे लागते. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठीच्या 'डब्ल्यूसीएजी २.२' या मानकात (ऑक्टोबर २०२३) यांतल्या एका अडचणीची दखल आहे: पासवर्ड आठवणे किंवा कोडे सोडवणे हाच लॉगिनचा एकमेव मार्ग नसावा. ॲपलने २०१२ मध्ये फोन एकाच ॲपपुरता बांधून ठेवणारी 'गाइडेड ॲक्सेस' सोय दिली. २०२३ मध्ये आलेल्या 'असिस्टिव्ह ॲक्सेस'मध्ये मोठी चिन्हे आणि मोजकेच पर्याय असलेला पडदा मिळतो. मात्र या दोन्ही सोयींतून बाहेर पडण्याचा पासकोड सहसा पालकांकडे किंवा काळजी घेणाऱ्यांकडे असतो.

खरा वाद इथेच आहे. फसवणूक, छळ आणि अनोळखी माणसांवर भाबडा विश्वास हे धोके खोटे नाहीत, म्हणून घरचे लोक फोनवरून ठावठिकाणा पाहतात, संदेश वाचतात. बौद्धिक अक्षमता असलेल्यांची बाजू मांडणारे अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ मध्येच, मोबाइलच्या कितीतरी आधी, जोखीम पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते असे मांडले होते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातील २२ वे कलम खाजगीपणाचा हक्क मान्य करते. त्यामुळे ठावठिकाणा पाहायचा असेल, तर तो कोणाला, कधी दिसेल हे त्या व्यक्तीला चित्रांतून, सोप्या वाक्यांत समजावून तिची संमती घ्यावी लागते. आज दिलेला होकार तिला उद्या मागे घेता यावा, यासाठी ती सोय बंद कशी करायची हेही तिला शिकवावे लागते.