क्लोराइडला मिठीत घेणारी रिंग

सोडियम-पोटॅशियमसारखे पॉझिटिव्ह आयन पकडणाऱ्या रेणूंच्या रिंग्ज म्हणजे क्राउन ईथर, त्या केमिस्ट चार्ल्स पेडरसनने १९६७ मध्येच दाखवल्या आणि १९८७ ला नोबेलही मिळालं. निगेटिव्ह आयन पकडणारा पिंजरा पार्क आणि सिमन्स यांनी लगेच पुढच्या वर्षी, १९६८ ला दाखवला होता, तरी हा विषय पुढे बरीच वर्षं मागेच राहिला. कारण हे आयन खरंच अवघड आहेत. सोडियमची त्रिज्या १.०२ अँगस्ट्रॉम आणि क्लोराइडची १.८१, म्हणजे चार्ज तेवढाच पण जास्त जागेत पसरलेला, त्यामुळे ओढ कमी, त्यात नायट्रेट चपटं त्रिकोणी, सल्फेट चार टोकांचं, त्यामुळे प्रत्येकासाठी खाच वेगळ्या मापाची बनवावी लागते.

मला यातला सगळ्यात आवडता रेणू कॅलिक्सपायरोल. जर्मन केमिस्ट बायरने तो १८८६ मध्येच बनवला होता, पायरोल (नायट्रोजन असलेली पाच अणूंची छोटी रिंग) आणि ॲसिटोन ॲसिडमध्ये एकत्र करून, इतकं सोपं! पण तो आयन पकडतो हे थेट १९९६ ला टेक्सासच्या जोनाथन सेसलर यांच्या ग्रुपने दाखवलं, एकशे दहा वर्षांनी. रिंगमध्ये चार पायरोल असतात आणि प्रत्येकावर एक एन-एच (नायट्रोजन-हायड्रोजन) गट, त्यातल्या हायड्रोजनवर किंचित पॉझिटिव्ह चार्ज. रिंग रिकामी असताना पायरोल एक वर, एक खाली असे आलटूनपालटून असतात, क्लोराइड जवळ आला की चारही एन-एच एकाच बाजूला वळतात, रिंगचा वाटीसारखा आकार होतो आणि चार हायड्रोजन बॉंड मिळून त्याला धरून ठेवतात. यातला कुठलाच बॉंड एकटा फार ताकदवान नाही, चौघं एकाच दिशेने ओढतात म्हणून जमतं.

हे सगळं डायक्लोरोमिथेनसारख्या सॉल्व्हंटमध्ये छान चालतं, तिथे ही रिंग फ्लोराइडला तर क्लोराइडपेक्षाही घट्ट धरते. मग यवतमाळ, चंद्रपूरच्या बोअरच्या पाण्यातला फ्लोराइड असाच का नाही काढायचा? कारण पाणी स्वतःच हायड्रोजन बॉंडने त्याला घेरून बसतं, फ्लोराइडला पाण्यातून सोडवायला मोलमागे साधारण ४६५ किलोज्यूल लागतात, क्लोराइडला ३४०. रिंगला आधी या पाण्याशी झगडावं लागतं आणि खरी अडचण तिथेच आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत तुरटी आणि चुन्यावर चालते, तिला असला नाजूक रेणू लागत नाही.

तरी २०१९ ला इंडियाना युनिव्हर्सिटीच्या अमर फ्लड यांच्या ग्रुपने जे केलं ते भारी आहे. त्यांचा पिंजरा एन-एच वापरतच नाही, फक्त सी-एच (कार्बन-हायड्रोजन), जो कमजोर समजला जायचा. ट्रायझोल या तीन नायट्रोजनच्या छोट्या रिंगमुळे त्या हायड्रोजनवरचा पॉझिटिव्ह चार्ज वाढतो, पिंजरा आधीपासूनच कडक असल्याने त्याला आकार बदलायला एनर्जी घालवावी लागत नाही, आणि डायक्लोरोमिथेनमध्ये क्लोराइडसाठी बाइंडिंग कॉन्स्टंट (किती घट्ट धरतो त्याचं माप) आला साधारण १ वर १७ शून्यं! पाण्यातला क्लोराइडही तो ओढून घेतो.

पण घट्ट धरणं प्रत्येक कामाला उपयोगी नाही. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात पेशीच्या पडद्यातलं क्लोराइडचं चॅनल नीट काम करत नाही, तिथे कॅलिक्सपायरोलच्या जातीचे रेणू क्लोराइड पलीकडे नेऊ शकतील का यावर बरंच काम झालंय, आणि त्यासाठी रिंगला आयन एका बाजूला उचलून दुसऱ्या बाजूला सोडतासुद्धा यायला हवा.