चल चौकट

वक्रावरून किंवा पृष्ठभागावरून सरकणाऱ्या बिंदूबरोबर वाहून नेलेल्या, परस्परलंब एकक सदिशांच्या (दिशा दाखवणाऱ्या, 1 लांबीच्या बाणांच्या) संचाला चल चौकट म्हणतात. चौकट किती व कोणत्या अक्षाभोवती फिरते, यावरून आकाराचे वर्णन करता येते. अवकल भूमितीतील ही चौकट आणि शुद्धगतिकीतील (बलांचा विचार न करता गतीचे वर्णन करणाऱ्या शाखेतील) फिरता संदर्भव्यूह यांचे गणित मुळात एकच आहे.

त्रिमितीय वक्रासाठी स्पर्शिका, मुख्य अभिलंब (वक्र वळतो त्या बाजूचा) आणि या दोघांना लंब असलेला द्विलंब घेतात. एकक वेगाने पुढे जाताना स्पर्शिका वक्रतेच्या (वक्र किती वाकतो याच्या मापाच्या) दराने अभिलंबाकडे वळते, तर द्विलंब पिळाच्या (वक्र एका प्रतलातून किती बाहेर वळतो याच्या मापाच्या) दराने अभिलंबाच्या विरुद्ध बाजूस कलतो. अभिलंबाचा बदल यांवरूनच ठरतो. काही ग्रंथांत पिळाचे चिन्ह उलट घेतलेले असते. सूत्रे ताडून पाहताना याचे भान ठेवावे लागते.

या संबंधांना फ्रेने–सेरे सूत्रे म्हणतात. झाँ फ्रेदेरिक फ्रेने यांचा तुलूझ येथील प्रबंध 1847 चा असून त्याचा गोषवारा 1852 मध्ये छापला गेला. झोझेफ सेरे यांचा लेख 1851 चा. त्या काळी सदिश संकेतन रूढ नसल्याने हे संबंध दिक्‌कोज्यांच्या (सदिशाने अक्षांशी केलेल्या कोनांच्या कोज्यांच्या) नऊ सूत्रांत मांडले जात, आणि त्यांपैकी सहाच फ्रेने यांच्या प्रबंधात होती असे सांगितले जाते. मात्र दोरपात (आताचे एस्टोनियातील तार्तू) येथील कार्ल एडुआर्ट झेन्फ यांनी 1831 मध्येच ही सूत्रे प्रसिद्ध केली होती व त्यांचे श्रेय आपले गुरू मार्टिन बार्टेल्स यांना दिले होते. अग्रमान बार्टेल्स यांचाच मानणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रचलित नाव मात्र बदललेले नाही.

उदाहरणार्थ, 3 सेंमी. त्रिज्येच्या नळकांड्यावर गुंडाळलेली स्प्रिंग घ्या. तिच्या दोन वेढ्यांतील अंतर सुमारे 25.1 सेंमी. (8π) असेल, तर वक्रता दर सेंटिमीटरला 0.12 आणि पीळ 0.16 येतो. तारेवरून 1 सेंमी. सरकताच चौकट 0.2 रेडियन, म्हणजे साधारण साडेअकरा अंशांनी फिरते आणि तिचा परिभ्रमणाक्ष सर्वत्र नळकांड्याच्या अक्षालाच समांतर राहतो. या परिभ्रमणाचा अक्ष व दर दाखवणाऱ्या सदिशाला दार्बू सदिश म्हणतात. गास्तों दार्बू यांनी पृष्ठभागांवरील आपल्या चार खंडांच्या ग्रंथात (1887–96) भूमितीची मांडणी दृढ पदार्थाच्या गतीपासूनच सुरू केली. पुढे एली कार्तां यांनी ही रीत कोणत्याही परिवर्तन गटाला लागू पडेल इतकी व्यापक केली.

यामिकीत सदिशाचा स्थिर व्यूहातील बदल म्हणजे फिरत्या व्यूहात दिसणारा बदल अधिक कोनीय वेग व सदिश यांचा सदिश गुणाकार. हा नियम स्थानसदिशाला दोनदा लावला की कोरिओलिस यांनी 1835 मध्ये मांडलेले प्रवेगाचे पद येते. त्यातील 2 हा गुणक दोन्ही वेळच्या एकेका समान पदातून येतो.

वक्रता शून्य असते तेथे मुख्य अभिलंबच ठरत नाही. त्यासाठी रिचर्ड बिशप यांनी 1975 मध्ये सुचवलेली चौकट वापरतात. ती स्पर्शिकेभोवती मुळीच फिरत नाही.