विमानतळाची उंचीची एनओसी: आकडा गेटपासून नाही, समुद्रापासून

नेरूळ-वाशीतल्या पुनर्विकासाच्या बैठकीत एक घोटाळा हमखास होतो. विमानतळाच्या परिसरात किती उंच बांधता येईल हे सांगणाऱ्या ना-हरकत पत्रात, म्हणजे एनओसीत, समजा ५५ मीटर लिहिलेत, की सभासद लगेच मजले मोजायला लागतात. पण ते ५५ सरासरी समुद्रसपाटीपासूनचे. प्लॉटच ६ मीटरवर असेल तर बांधायला उरले ४९, आणि त्यातच टाकी, जिन्याची खोली, अँटेना, वीजरोधकाचं टोकसुद्धा बसवायचं.

समुद्रसपाटीच का? वैमानिकाने स्थानिक हवेचा दाब लावला की त्याचा अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) तीच उंची दाखवतो. पावसाळ्यात दाब १००३ हेक्टोपास्कलवर उतरला आणि यंत्रावर प्रमाण दाब १०१३ तसाच राहिला, तर विमान काट्यापेक्षा सुमारे पावणेतीनशे फूट खाली असतं. म्हणजे पंचवीसेक मजले! तो हिशेब वैमानिकाचा. जमिनीवरचा आकडा मात्र आपण देतो.

अर्ज जमीनमालक, विकासक किंवा अधिकारपत्र असलेला आर्किटेक्ट करू शकतो, भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या 'नोकास' पोर्टलवर. नियम २०१५ चे आहेत, पुढे दुरुस्त्या झाल्या. आधी विमानतळाचा रंगीत क्षेत्र-नकाशा पाहा. लाल भागात प्राधिकरणाकडे जावंच लागतं; इतर रंगांत ठरलेल्या उंचीच्या आत असाल तर स्थानिक नियोजन संस्थाच परवानगी देते.

कागदपत्रांत हमीपत्र आणि अधिकारपत्र हे साधे. खरं काम जागेच्या दाखल्याचं: प्लॉटच्या कोपऱ्यांचे डब्ल्यूजीएस-८४ (जीपीएस वापरतं ती) पद्धतीचे अक्षांश-रेखांश आणि जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची. इथे सर्व्हेअरच्या फीवर घासाघीस करू नका. एका अर्जात मिनिटं आणि सेकंद उलटसुलट पडले होते. प्लॉट थेट ठाण्याच्या खाडीत! प्राधिकरण हे आकडे तपासून देत नाही. पुढे ते चुकीचे निघाले तर एनओसी रद्दबातल, असं पत्रातच लिहिलेलं असतं.

इमारतीसाठी मुदत साधारण ८ वर्षं. काम सुरू झालं असेल आणि उशीर आपल्या हाताबाहेरचा असेल, तर एकदा वाढवून मिळू शकते. अर्ज मात्र मुदत संपायच्या आत. उंची कमी मिळाली तर अपील समितीकडे जाता येतं, पण त्याआधी कोपऱ्यांचे आकडे दाखल्याशी एकदा ताडून घ्या.